फौज नसलेला लष्करी पंतप्रधान

ऑक्टोबर 2004 मध्ये म्यानमारच्या सरकारी माध्यमांनी एका वाक्याचा आदेश जाहीर केला. पंतप्रधान जनरल खिन न्युंट यांना प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होण्याची परवानगी देण्यात आली आहे, एवढाच त्याचा आशय. खाली सही होती राजवटीचे प्रमुख सीनियर जनरल थान श्वे यांची. खिन न्युंट तोवर ताब्यात होते आणि त्यांच्या गुप्तचर खात्याच्या कचेऱ्यांचा ताबा सैनिकांनी घेतला होता. दोन दशके ज्यांच्या माणसांनी मध्यरात्री लोकांची दारे ठोठावली, त्यांच्यावर हीच पाळी आली. हे समजून घ्यायचे तर 1983 पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी म्यानमारचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाचे, सर्वेसर्वा होते जनरल ने विन. 1962 मध्ये सत्ता बळकावल्यापासून त्यांनी गुप्तचर खाते हाताशी धरले होते. पण त्याच खात्याचा प्रमुख डोईजड होतो आहे असे दिसताच 1983 मध्ये त्यांनी त्याला तुरुंगात टाकले आणि खाते मोडून काढले. त्याचा परिणाम काही महिन्यांतच दिसला. 9 ऑक्टोबर 1983 रोजी रंगूनच्या हुतात्मा स्मारकात उत्तर कोरियाच्या हस्तकांनी बॉम्बस्फोट घडवला. लक्ष्य होते दक्षिण कोरियाचे अध्यक्ष. ते बचावले, पण त्यांच्या मंत्र्यांसह 21 जण ठार झाले. आता खाते नव्याने उभारणे भाग होते. त्यासाठी करेन जमातीच्या भागात मोहिमेवर असलेल्या, चव्वेचाळिशीतल्या एका अधिकाऱ्याला राजधानीत बोलावण्यात आले. तेच खिन न्युंट. जन्म 1939 चा, रंगूनजवळच्या चौतानचा.

पुढची वीस वर्षे ते गुप्तचर प्रमुख होते. 1988 मध्ये ने विन यांच्या राजवटीविरुद्ध झालेल्या उठावात विद्यार्थी, भिक्षू, सरकारी नोकर असे सगळेच रस्त्यावर उतरले. लष्कराने गोळ्या चालवल्या. सुमारे 3000 माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. 18 सप्टेंबरला लष्कराने उघडपणे सत्ता हाती घेतली आणि नव्या सत्तामंडळाचे ‘पहिले सचिव’ झाले खिन न्युंट. परदेशी पत्रकारांसमोर तेच यायचे, तासन्‌तास चालणाऱ्या पत्रकार परिषदांतून आंदोलनामागचे तथाकथित कट तेच उलगडून सांगायचे. 1990 च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या पक्षाने 392 जागा जिंकल्या. तो निकाल अमलात आला नाही आणि निवडून आलेल्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला रंगूनचा इनसेन तुरुंग आला. खिन न्युंट यांची ‘मवाळ जनरल’ ही ख्याती पुढची. ती वाचताना या कोठड्या विसरून चालणार नाही. तिथल्या छळाचा जाब त्यांना आजवर कुणी विचारलेला नाही.

तरीही त्यांची एक कामगिरी वेगळी होती, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची. 1989 च्या मार्च-एप्रिलमध्ये चीन सीमेवरच्या ब्रह्मी कम्युनिस्ट पक्षात बंड झाले. त्यातल्या कोकांग प्रदेशातल्या आणि ‘वा’ जमातीच्या सैनिकांनी आपल्याच नेतृत्वाला हाकलून दिले. खिन न्युंट यांनी ही संधी चटकन ओळखली. त्यांनी थेट कोकांगमध्ये जाऊन बोलणी केली. तोडगा सरळ होता : शस्त्रे तुमच्याकडे राहू द्या, मुलूख तुमच्याकडे राहू द्या, व्यापार करा, फक्त आमच्यावर गोळी झाडू नका आणि शहरांतल्या आंदोलकांशी हातमिळवणी करू नका. त्या व्यापारात अफूही होती, याकडे काणाडोळा झाला. पुढे 1994 मध्ये काचिन जमातीची सशस्त्र संघटनाही शस्त्रसंधीत आली. सतरा गट आपल्याशी समझोता करून बसले आहेत, असे राजवट अभिमानाने सांगू लागली. राजकीय प्रश्न एकही सुटला नव्हता, पण तोफा थंडावल्या होत्या. सीमाभागातल्या गावांना हा फरक रोजच्या जगण्यात जाणवत होता.

या सगळ्यात एक कमतरता राहून गेली. खिन न्युंट यांच्या हाताखाली कधी मोठी फौज नव्हती. थान श्वे आणि दुसऱ्या क्रमांकाचे मौंग आय यांचे बळ पायदळात होते, प्रांतोप्रांतीच्या लष्करी कमांडरांत होते. खिन न्युंट यांची ताकद फायलींमध्ये होती, म्हणजे कुणाचे कुणाशी काय व्यवहार आहेत याच्या माहितीत. अशी माहिती लोकांना घाबरवते, पण संकटात उभी राहणारी पलटण देत नाही. शिवाय त्यांचे मूळचे आश्रयदाते ने विन. मार्च 2002 मध्ये ने विन यांचे जावई आणि नातू कटाच्या आरोपाखाली पकडले गेले. डिसेंबरमध्ये खुद्द ने विन नजरकैदेतच वारले आणि तो आधारही गेला.

30 मे 2003 रोजी देपायिन इथे स्यू की यांच्या ताफ्यावर राजवटीने पोसलेल्या जमावाने लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. जगभर संताप उसळला, निर्बंध कडक झाले. राजवटीला बोलका, परदेशी पाहुण्यांना सामोरा जाणारा चेहरा हवा होता. 25 ऑगस्टला खिन न्युंट पंतप्रधान झाले. बाहेर ही बढती वाटली. प्रत्यक्षात तोवर हे पद थान श्वे यांनी स्वतःकडेच ठेवले होते. आता ते देताना त्यांनी सरसेनापतीपद आणि सत्तामंडळाचे अध्यक्षपद सोडले नाही, आणि खिन न्युंट यांचे ‘पहिले सचिव’ हे पद मात्र सो विन यांच्याकडे गेले.

पाचच दिवसांनी, 30 ऑगस्टला, नव्या पंतप्रधानांनी लोकशाहीकडे जाण्याचा सात टप्प्यांचा आराखडा मांडला. जानेवारी 2004 मध्ये करेन बंडखोरांचे म्हातारे सेनानी बो म्या यांना त्यांनी रंगूनला आणले. अर्धशतकाहून जुन्या युद्धात तोंडी शस्त्रसंधी झाली. पण सप्टेंबरमध्ये चीन सीमेवरच्या म्यूसे नाक्यावर लष्कराने छापा घातला आणि गुप्तचर अधिकाऱ्यांची सोन्या-पैशांची कमाई उघड झाली. भ्रष्टाचार खरा होता; मात्र तो करणारे हे काही एकटेच नव्हते. महिनाभरात पंतप्रधान गेले, त्यांचे खाते बरखास्त झाले, शेकडो अधिकारी पकडले गेले. 2005 मध्ये इनसेनमधल्याच खास न्यायासनाने त्यांना 44 वर्षांची शिक्षा ठोठावली. ती स्थगित ठेवून त्यांना घरातच स्थानबद्ध केले गेले.

आराखडा मात्र त्यांच्याविना पुढे गेला. 2008 ची राज्यघटना, त्यात लष्कराला संसदेच्या 25 टक्के जागा, मग 2010 ची निवडणूक. 2007 पासून राजवटीचे पंतप्रधान असलेले थेन सेन 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबर 2012 मध्ये रत्नागिरीला येऊन ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या, थिबाच्या, समाधीपुढे नतमस्तक झाले ते हेच. त्याच वर्षीच्या 13 जानेवारीला त्यांच्या सरकारने खिन न्युंट यांना मुक्त केले. नंतर त्यांनी कलादालन काढले, आठवणी लिहिल्या.

त्यांनी जुळवलेली शस्त्रसंधी मात्र टिकली नाही. 2009 मध्ये लष्कर कोकांगवर चालून गेले, 2011 मध्ये काचिन प्रदेश पुन्हा पेटला, आणि जानेवारी 2024 मध्ये कोकांग सैन्याने आपली राजधानी लाउकाई लष्कराकडून परत घेतली. तोवर फेब्रुवारी 2021 चे लष्करी बंड होऊन जवळपास तीन वर्षे लोटली होती. त्या बंडाचे सूत्रधार मिन आँग ह्लाइंग यांनी ऑगस्ट 2021 मध्ये पंतप्रधानपद स्वतःकडेच घेतले आणि सरसेनापतीपदही सोडले नाही.