पोरगं आठवीत आहे ना? मग एनएमएमएसचा फॉर्म भरला का ते आधी विचारा

मागे नाशिकला सिडकोत ओळखीच्या एका ताईंकडे बसले होते, त्यांची मुलगी आठवीला, गणितात एवढी तल्लख की किराणाच्या यादीची बेरीज दुकानदाराच्या आधी सांगते. ताई म्हणाल्या क्लास लावायला पैसे नाहीत गं. मी विचारलं एनएमएमएसचा फॉर्म भरला का, तर म्हणे ते काय असतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू, कारण आमच्या भाच्याच्या वेळेस आम्ही यातून गेलोय आणि परीक्षेपेक्षा जास्त घाम नंतर फुटला.

तर एनएमएमएस म्हणजे नॅशनल मीन्स कम मेरिट स्कॉलरशिप, केंद्राची योजना, २००८ पासून चालू आहे. हुशार आहे पण घरची परिस्थिती बेताची, असं पोरगं आठवीनंतर शाळा सोडून कामाला लागू नये यासाठी. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं घेतात, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. नववी ते बारावी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे सगळे मिळून ४८,०००. आधी महिन्याला ५०० होते, २०१७ पासून १,००० झाले आणि तेव्हापासून तिथेच आहेत, वह्या-पुस्तकांचे भाव कुठे गेले ते सोडा.

कोण बसू शकतं? पोरगं सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिका-नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत रेग्युलर आठवीला पाहिजे, सातवीत किमान ५५ टक्के (एससी-एसटीला ५०), आणि आई-वडिलांचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. ही लिमिट आधी दीड लाख होती आणि अजून बरेच जण तीच धरून बसतात. अंबडला कंपनीत महिन्याला वीस-बावीस हजार घेणारा माणूस म्हणतो आपल्याला नाही बसणार, अहो बसतंय, बावीस हजारांना बाराने गुणलं तरी २,६४,००० होतात. दुसरा गैरसमज म्हणजे ही फक्त कॅटेगरीवाल्यांसाठी आहे. तसं नाही, ओपनच्या मुलांनाही आहे, फक्त मेरिट लिस्ट जिल्ह्याप्रमाणे आणि प्रवर्गाप्रमाणे वेगळी लागते.

कोणाला नाही ते पण बघून घ्या. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा, आणि जिथे सरकारी खर्चाने राहणं-जेवण-शिक्षण होतं अशी शाळा किंवा वसतिगृह, ही मुलं यात बसत नाहीत. आपल्या जिल्ह्यात याचा फटका मोठा आहे, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर बाजूला कितीतरी हुशार पोरं आश्रमशाळेत शिकतात. सरकारचं म्हणणं असं की त्यांचा खर्च आधीच होतोय. मला हे फारसं पटत नाही, जेवण मिळतं म्हणून पुस्तक-प्रवासाचा खर्च संपत नाही, पण नियम आहे तो आहे.

आता फॉर्म. हा फॉर्म पालकाला घरी बसून किंवा सायबर कॅफेत भरता येत नाही, तो शाळाच भरते, पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवर शाळेच्या लॉगिनमधून. म्हणजे झालं काय, की तुमचं पोरगं हुशार आहे हे ओळखायचं काम शेवटी वर्गशिक्षकांवर येऊन पडतं. एखादे सर स्वतः जादा तास घेतात, तिथून दरवर्षी दहा-बारा पोरं लागतात, आणि एखाद्या शाळेत फॉर्मची तारीख निघून गेली तरी कोणाला पत्ता नसतो. त्यामुळे गणपती झाले की शाळेत जाऊन स्पष्ट विचारायचं, सर, एनएमएमएसचे फॉर्म कधी भरताय. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि परीक्षा साधारण डिसेंबरात एखाद्या रविवारी असते.

फॉर्म भरताना मॅडमच्या शेजारी उभं राहा, लाजू नका. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार नंबर, हे चार रकाने स्वतःच्या डोळ्याने वाचा. आमचं घोडं इथेच अडलं. भाच्याच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला नुसतं घरात हाक मारतात ते, कारण पहिलीत नाव घालताना आजोबा गेले होते आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं गेलं. आठ वर्षं कोणाचं काही अडलं नाही, अडलं ते परीक्षा पास झाल्यावर. अंतरिम निकालानंतर शाळेच्या लॉगिनमधून दुरुस्तीला थोडे दिवस मिळतात म्हणून वाचलो, पण त्या थोड्या दिवसांत दाजींना कामावर दोन खाडे पडले.

पेपर दोन. पहिला मॅट, म्हणजे बुद्धिमत्ता, ९० प्रश्न ९० मिनिटं, त्यात संख्यामालिका, सांकेतिक भाषा, लपलेली आकृती असं. दुसरा सॅट, तोही ९० प्रश्नांचा, सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर, विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पुस्तकाबाहेरचं फार नसतं. दोन्हीत मिळून ४० टक्के पाहिजेत, एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ३२. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे पोराला दहा वेळा सांगा. आणि ४० टक्के म्हणजे स्कॉलरशिप मिळाली असं नाही हो, ते फक्त पात्र झालात, पैसे निवड यादीत नाव आलं तर. गावात लोक पात्र यादीवरच पेढे वाटतात. मात्र मराठा, कुणबी मुलांनी पात्र यादीनंतर पण लक्ष ठेवा, एनएमएमएस पास पण निवड यादीत नाही अशांना सारथीची (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्य सरकारची संस्था) छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००, नववी ते बारावी, तिचा फॉर्म वेगळा.

कागद कुठले ते आता. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तो सेतूतून किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतो, पण त्याआधी तलाठ्याकडचा उत्पन्नाचा अहवाल किंवा नोकरी असेल तर पगाराचा पुरावा जोडावा लागतो. जून-जुलैत अकरावी-डिप्लोमाच्या ॲडमिशनवाल्यांची सेतूवर ही गर्दी असते, तेव्हा जायचं म्हणजे दिवस गेलाच, मार्च संपला की एप्रिलमध्येच काढून टाका. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांचा, प्रवर्गातून फॉर्म भरला असेल तर. दिव्यांग असेल तर प्रमाणपत्र. सातवी-आठवीच्या गुणपत्रिका, एनएमएमएसची गुणपत्रिका, बोनाफाइड, आधार आणि पोराच्या नावाचं बँक पासबुक. सगळ्यांचे फोटो काढून एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका ज्यात फक्त तुम्ही आणि नवरा आहात, ऐनवेळी फाईल सापडत नाही.

निवड झाली की पोरगं नववीला जातं आणि आता नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, एनएसपी. इथला फॉर्म मात्र आपण भरायचा. आधी ओटीआर काढायचा, वन टाइम रजिस्ट्रेशन, त्याला मोबाइलवर ॲप घेऊन चेहरा दाखवावा लागतो. भाच्याचा चेहरा घरातल्या ट्यूबलाइटखाली पाच वेळा फेल गेला, शेवटी गच्चीवर उन्हात नेऊन, आईने मागे पांढरी चादर धरून, तेव्हा एकदाचं हिरवं टिक आलं. नंबर लिहून ठेवा, हाच पुढे बारावीपर्यंत चालतो. मग नववीचा फ्रेश फॉर्म. हा राहिला तर पुढच्या वर्षी भरू असं चालत नाही, चार वर्षांचे पैसे गेलेच समजा. आणि फॉर्म सबमिट झाला म्हणजे संपलं नाही, आधी शाळा व्हेरिफाय करते, मग जिल्हा पातळीवर होतं. लॉगिन करून स्टेटस बघत राहायचं, डिफेक्टिव्ह दिसलं तर काहीतरी चुकलंय, दुरुस्त करून परत पाठवायचं, तारखेच्या आत.

बँकेची गोष्ट जरा सविस्तर सांगते. पैसे पासबुकावर छापलेल्या खात्यात येतात असं आपण धरतो, पण येतात आधार ज्या खात्याला सीडिंग केलंय तिथे, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधार ज्या एका खात्याला जोडलंय तिथे. आमच्या पोराचं राष्ट्रीयीकृत बँकेत रीतसर खातं होतं, पैसे काही येईनात, बहीण दर सोमवारी पासबुक छापून आणायची, पान कोरं. शेवटी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर तिसऱ्याच बँकेचं नाव. आठवलं मग, सिमकार्ड घेताना मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून घेतला होता, त्याच अंगठ्यात एक खातं पण उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. पैसे सहा महिने तिथेच पडून होते. त्यामुळे फॉर्मच्या आधी हे दोन मिनिटांत तपासून घ्या, आणि चुकीचं असेल तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या, नुसतं आधार लिंक करा म्हटलं तर ते केवायसी करून मोकळे होतात.

दरवर्षी रिन्यूअल असतं, दहावी, अकरावी, बारावी. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच फटक्यात पास व्हायचं, आणि दहावीला ६० टक्के पाहिजेत, एससी-एसटीला ५५. मधेच विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला नाव घातलं तर बंद. अकरावीला हे जास्त होतं, कॉलेज अनुदानित पण तुकडी विनाअनुदानित, तेव्हा ॲडमिशन घेतानाच खिडकीवर विचारून घ्या. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, ते बरोबर नववी-दहावीच्या मधे येतं. दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या, जूनमध्ये आधार केंद्रावर टोकन मिळत नाही.