ऑस्ट्रसिझम

प्राचीन अथेन्समधील नकारात्मक मतदानाची प्रथा. नगरात नकोशा झालेल्या पुढाऱ्याचे नाव नागरिक मातीच्या खापरीवर (ऑस्ट्राकॉन) कोरून देत. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वाधिक भरत त्याला दहा दिवसांत नगर सोडून १० वर्षे बाहेर राहावे लागे. आरोप, साक्षीपुरावा किंवा बचावाचे भाषण यांना त्यात स्थान नव्हते. निर्वासिताची मालमत्ता व नागरिकत्व अबाधित राही. त्यामुळे काही लेखक तिला शिक्षा म्हणतात ते काटेकोर अर्थाने बरोबर नाही.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सचे संविधान’ या ग्रंथानुसार हा कायदा अथेन्सचा राजकीय सुधारक क्लाइस्थेनीझने (इ. स. पू. ५०८–०७ च्या सुमारास) केला, पायसिस्ट्राटसच्या घराण्याची जुलमी सत्ता परत येऊ नये हा त्याचा हेतू. मात्र पहिला ज्ञात प्रयोग इ. स. पू. ४८८–८७ मधील असून तो त्या घराण्याचा आप्त हिपार्कस याच्यावर झाला. प्राचीन कोशकार हार्पोक्रेशनच्या कोशातील इतिहासकार अँड्रोशनच्या उताऱ्यात कायदाही त्याच वेळी झाल्याचे दिसते. तथापि दोन्ही ग्रंथांतील शब्दरचना इतकी जवळची आहे, की उतारा आटोपशीर करताना कोशकाराकडून गफलत झाली असावी. म्हणून कायदा क्लाइस्थेनीझचाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कायदा वीस वर्षे धाकापुरता राहिला असणे अशक्य नाही.

मतदान घ्यावे की नाही, हे लोकसभा (नागरिकांची सभा) दरवर्षी आधी ठरवी; त्या वेळी कोणाचे नाव घेतले जात नसे. होकार मिळाल्यास सुमारे दोन महिन्यांनी बाजारचौकात (अगोरा) मतदान होई. निकालासाठी लागणाऱ्या मतांचा ६,००० हा आकडा सर्व साधने देतात, पण चरित्रकार प्लूटार्कच्या मते तो एकूण मतांचा, तर इतिहासकार फिलोकोरसच्या मते एकाच व्यक्तीविरुद्धच्या मतांचा. इतर काही व्यक्तिविषयक ठरावांनाही अथेन्समध्ये ६,००० ची गणसंख्या लागे, हे पाहता प्लूटार्कचे म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले आहे.

कायद्याला फक्त नाव हवे होते, कारण नको होते. मतदारांना ते पुरत नसावे. अथेन्समधील केरामिकॉस येथील ८,००० हून अधिक खापऱ्यांपैकी काहींवर शेरे आहेत: मेगाक्लीझच्या घोड्यांच्या शौकावर टीका, कॅलियसला ‘मेडीयन’ (इराणधार्जिणा) असे दूषण. ॲक्रॉपलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत सापडलेल्या सुमारे १९० खापऱ्यांवर थेमिस्टोक्लीझ या पुढाऱ्याचेच नाव असून हस्ताक्षरे मात्र जेमतेम चौदा आहेत. तयार खापऱ्या वाटल्या जात असाव्यात, हा तर्क त्यावरूनच निघाला. निरक्षरांची सोय म्हणूनही त्यांचा उलगडा करता येतो. एका निरक्षर मतदाराने न ओळखता ॲरिस्टायडीझ या पुढाऱ्यालाच त्याचे नाव खापरीवर लिहून द्यायला सांगितले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. हद्दपार झालेले ॲरिस्टायडीझ व झँथिपस यांना इराणचा सम्राट झर्क्सीझच्या स्वारीपूर्वी मुदतीआधीच परत बोलावण्यात आले.

शेवटचा प्रयोग हायपर्बोलस या पुढाऱ्यावर (इ. स. पू. ४१७–१५ च्या दरम्यान) झाला. निकिआस व ॲल्सिबायडीझ या प्रतिस्पर्ध्यांच्या अनुयायांनी हातमिळवणी करून तिसऱ्यालाच बाहेर काढले, असे प्लूटार्क सांगतो. कायदा मात्र रद्द झाला नाही. इ. स. पू. चौथ्या शतकातही लोकसभेपुढे वार्षिक प्रश्न मांडला जाई.

आर्गॉस, मेगारा या ग्रीक नगरांतही ही प्रथा होती, पण तपशील तुटपुंजा आहे. सिसिलीतील सिराक्यूजमध्ये नावे ऑलिव्हच्या पानांवर लिहीत व मुदत ५ वर्षांची असे. इतिहासकार डायोडोरसच्या मते तेथील मातब्बर नागरिक भीतीने सार्वजनिक कामातून अंग काढून घेऊ लागल्याने कायदा लवकरच मागे घेण्यात आला.