बादली, क्रेट, मडगार्ड चिकटत नाही? गम घ्यायच्या आधी हे वाचा

पाऊस तोंडावर आला की आमच्या काउंटरवर फुटक्या बादल्या, माशांचे क्रेट, फेणीचे कॅन, स्कूटरचे मडगार्ड असं सगळं यायला लागतं आणि प्रत्येकाचं रडगाणं एकच, फेविक्विक लावलं, अराल्डाइट लावलं, दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखं निघालं. गम डुप्लिकेट नव्हता हो, ते प्लास्टिकच तसलं आहे.

अळवाच्या पानावर पाणी टाकलं तर गोळा होऊन घरंगळतं ना, पान काही भिजत नाही, ह्या बादल्या-क्रेट ज्या प्लास्टिकचे असतात त्या पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचं तसंच आहे, गम त्याच्यावर पसरतच नाही मग धरणार कुठून. टेफ्लॉन तर ह्या दोघांचा बाप, त्याच्या नादाला घरी लागूच नका.

म्हणून आधी ओळखा. तळाला त्रिकोणात आकडा असतो, 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गाडीच्या पार्टला आतल्या बाजूने 'पीपी' असं उठवलेलं असतं. काहीच दिसलं नाही तर नखाएवढा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा, हे दोघे वर येतात, पीव्हीसी आणि एबीएस खाली बसतात. पीव्हीसी पाइपला सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाइप जोडायचा गम, लावा आणि मोकळे व्हा.

वर तरंगलं तर गम विसरा, वेल्डिंग करा. चीर जिथे संपते तिथे 3 एमएमचं भोक पाडा म्हणजे ती पुढे धावत नाही, मग चिरेवर व्हीसारखी खाच करा, आणि हॉट एअर गनने किंवा सोल्डरिंग आयर्नने खाच आणि भरायची प्लास्टिकची पट्टी दोन्ही एकदमच मऊ करत पट्टी आत दाबत जा. नुसती पट्टी वितळवून वर ओतली की ती थंड झाल्यावर टुणकन निघते. धूर यायला लागला की तापमान जास्त झालं, हात आवरा, आणि खिडकी उघडी ठेवा. पीव्हीसी मात्र असं तापवू नका, ॲसिडचा धूर निघतो.

पट्टी त्याच जातीची हवी. आम्हीच एकदा दुकानामागच्या निळ्या ड्रमला, म्हणजे 2 नंबरला, घाईघाईत 5 नंबरची पट्टी मारली, दिसायला एकदम फर्स्ट क्लास, रात्री ड्रम भरला आणि सकाळी मागच्या अंगणात तळं. पॉलिथिन साधारण 130 डिग्रीला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन 160च्या आसपास, दोघं एकजीव होतच नाहीत.

अगदी चिकटवायचंच असेल तर पॉलिओलेफिन (म्हणजे हीच दोन प्लास्टिकं) प्रायमर आणि त्यावर सुपरग्लू असा जोडीचा पॅक मिळतो, छोट्या कामाला बरा. किंवा गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीचं टोक भरभर फिरवा, वितळू द्यायचं नाही, मग पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरला तर पुसून, सुकवून लगेच इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखा गम, लावा, उद्यावर ढकलू नका. पण वजन पडणाऱ्या जागी आम्ही हे सुचवत नाही.

उन्हात राहून पांढरी पडलेली, हाताला पीठ लागतं अशी बादली असेल तर सरळ भंगारात द्या, वेल्डिंगच्या बाजूलाच परत फुटते.

शंका असेल तर तुकडा घेऊन या, बघून सांगतो, त्याचे पैसे नाही. फक्त शुक्रवारी नको, म्हापशाच्या बाजाराची गर्दी असते.