सहवेदना आणि करुणा यांत फरक काय?

दुसऱ्याचं दुःख पाहून ज्याच्या डोळ्यांत चटकन पाणी येतं तो माणूस दयाळू, असं आपण धरून चालतो. गल्लत इथेच होते. दुसऱ्याचं दुखणं आपल्यालाही दुखणं ही सहवेदना. ते दुखणं हलकं व्हावं अशी मनापासून इच्छा आणि त्यासाठी हातपाय हलवायची तयारी, ही करुणा. दोन्ही एकाच प्रसंगातून उठतात, म्हणून एकच वाटतात. पण पहिली वाढली की दुसरीही वाढते असं नाही. कधीकधी पहिलीच दुसरीची वाट अडवते.

सहवेदना म्हणजे देखावा नव्हे. २००४ साली मेंदूच्या अभ्यासक तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. स्त्री मेंदूच्या स्कॅनरमध्ये, शेजारी तिचा जोडीदार. विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. त्याला झटका बसतोय हे नुसतं कळलं तरी तिच्या मेंदूतले, वेदनेची तगमग जाणवून देणारे भाग जागे होत. झटका हाताला नेमका कुठे बसला हे सांगणारे भाग मात्र शांत राहत. म्हणजे दुःखाचा त्रास खरोखरच आपल्यापर्यंत पोचतो.

आणि त्रास झाला की माणूस काय करतो? त्यातून सुटायला बघतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी १९८१ साली हेच तपासलं. समोर एका तरुणीला झटके बसत आहेत असा बनाव होता. तिची जागा घ्यायची तयारी आहे का, असं पाहणाऱ्यांना विचारलं. ज्यांच्या मनात स्वतःची अस्वस्थताच वरचढ होती, त्यांच्यातले बहुतेक जण निघून जायची मुभा असताना निघून गेले. शेवटपर्यंत पाहावंच लागेल असं ज्यांना सांगितलं होतं, अशा अस्वस्थांपैकी मात्र बहुतेक मदतीला तयार झाले. तिच्याबद्दल आस्था वाटणाऱ्यांपैकी बरेच जण दार उघडं असूनही थांबले. मला या प्रयोगातलं दार फार महत्त्वाचं वाटतं. रोजच्या आयुष्यात ते जवळजवळ नेहमीच उघडं असतं: फोन ठेवता येतो, विषय बदलता येतो, 'मला नाही बघवत' म्हणून उठता येतं.

मैत्रीण रडत फोन करते आणि दहा मिनिटांनी तीच आपली समजूत काढत असते, हा प्रकार बहुतेकांच्या ओळखीचा असेल. त्यात प्रेम कमी नसतं, फक्त लक्ष तिच्यावरून आपल्यावर सरकलेलं असतं. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात क्रौर्याला करुणेचा दूरचा शत्रू म्हटलं आणि शोकाला जवळचा. दूरचा शत्रू लांबूनही ओळखू येतो. जवळचा घरचाच वाटतो, म्हणून जास्त फसवतो.

करुणा सरावाने वाढते, ही यातली चांगली बातमी. ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांच्या अभ्यासात लोकांना आधी सहवेदनेचं प्रशिक्षण दिलं. दुःखाची दृश्यं पाहताना त्यांना जास्त वाईट वाटू लागलं. मग त्याच लोकांना करुणेचं प्रशिक्षण दिलं. वाईट वाटणं पूर्वीच्या पातळीवर आलं आणि त्याबरोबर आपुलकी, ऊब अशा भावना वाढल्या. सराव साधा असतो: जवळच्या माणसाचं भलं मनात चिंतायचं, मग तीच भावना ओळखीच्या, परक्या, शेवटी न पटणाऱ्या माणसापर्यंत न्यायची. शेवटचा टप्पा अवघड आहे, तो लगेच जमेल असं कुणी सांगू नये.

रोजच्या वापरात सगळ्यात उपयोगी पडते ती सजगता. समोरचा बोलत असताना आपल्या छातीत काहीतरी आवळतंय, घसा दाटतोय, घाईघाईने सल्ला द्यावासा वाटतोय, हे तेव्हाच लक्षात आलं तर एक श्वास घेऊन लक्ष पुन्हा त्याच्याकडे नेता येतं. आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना 'फार जीव गुंतवू नका' असा सल्ला नेहमी मिळतो. सहवेदनेच्या थकव्यावर तो चालेलही, पण त्यात करुणाही आटते, म्हणून मला तो अर्धवट वाटतो.

मग रडू आलं तर दाबायचं? छे. येऊ द्यावं, डोळे पुसावेत आणि विचारावं, "आत्ता तुला काय हवंय, मी नुसतं ऐकू की काही करू?"