बदकांवर हुकमत कोणाची?

कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात बदकांची पिल्लं उडायला शिकतात. थंडीची चाहूल लागली की थवेच्या थवे दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या आखाताकडे निघतात. वाटेत अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या पाणथळीत ते चार दिवस विसावतात. त्या चार दिवसांत ही बदकं कोणाची?

अमेरिकेच्या घटनेने केंद्राचे अधिकार मोजून दिले आहेत. बाकी सारे राज्यांचे किंवा जनतेचे, असं 1791ची दहावी दुरुस्ती सांगते. पक्षी त्या यादीत नाहीत. शिवाय वन्य प्राणी म्हणजे त्या त्या राज्यातल्या जनतेची सामाईक मालमत्ता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली दिला होता. पण एका राज्याने शिकार थांबवली तरी तेच थवे पुढच्या राज्यात बंदुकीसमोर येत. पॅसेंजर पिजन हे कबुतर एकेकाळी आकाश झाकोळून टाकत असे. त्यातलं शेवटचं, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1913 मध्ये स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा केला. हा केंद्राचा विषयच नाही, म्हणून आर्कान्सा आणि कॅन्ससमधल्या संघीय न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. मग वेगळी वाट निघाली. परदेशाशी करार करणं हे केंद्राचंच काम. राज्यांना त्याची घटनेनेच मनाई आहे. कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या ब्रिटनशी 1916 साली या पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला आणि तो पाळण्यासाठी 1918 साली नवा कायदा आला. मिझुरी न्यायालयात गेलं: जे सरळ करता येत नाही, ते करार करून कसं करता येईल?

हा प्रश्न मला मुळीच उथळ वाटत नाही. उद्या कोणत्याही विषयावर करार करून केंद्राने राज्यांचे अधिकार गिळले तर? तरीही 19 एप्रिल 1920 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती होम्स यांचा युक्तिवाद पक्षिशास्त्राला धरून होता: जो पक्षी काल राज्यात आलाही नव्हता आणि आठवड्याभरात हजार मैल दूर असेल, त्याच्यावर राज्याने मालकी सांगावी ती कशाच्या आधारावर? (आपल्याकडे ही अडचण कलम 253ने आधीच सोडवली आहे, आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते.)

करार म्हणजे कोरा धनादेश नव्हे. घटनेने नागरिकाला दिलेलं संरक्षण करारानेही काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 1957 मध्ये स्पष्ट झालं.

पक्षी वाचले, पण पाण्याचं काय? शिकागोजवळ वाळू-खडीच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यांत तळी साचली होती. तिथे पक्ष्यांच्या सुमारे 121 जाती दिसल्या होत्या, आणि जागा कचरा टाकण्यासाठी हवी होती. स्थलांतरित पक्षी उतरतात म्हणून जलप्रदूषण कायद्याखाली या तळ्यांवर आपला अधिकार आहे, असं केंद्राच्या यंत्रणेचं म्हणणं होतं. इथे कराराचा आधार नव्हता. 2001 साली न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते फेटाळलं: एकाकी तळ्यांपर्यंत हा कायदा पोचत नाही, जमीन आणि पाण्याच्या वापरावरची राज्याची सत्ता काँग्रेसने तसं स्पष्ट न सांगता हिरावता येणार नाही.