अन्नजन्य साथींचा माग

दूषित अन्नातल्या जिवाणूंमुळे माणसे आजारी पडू लागली, की त्यांतले कोण एकाच साथीतले, आणि ती साथ कोणत्या पदार्थातून, कोणत्या कारखान्यातून किंवा शेतातून आली, याचा शोध घेण्याचे शास्त्र. हे काम दोन टोकांनी चालते. प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रुग्णांच्या शौचाच्या किंवा रक्ताच्या नमुन्यांतून जिवाणू वाढवतात आणि ते एकमेकांशी ताडून पाहतात. बाहेर साथरोगतज्ज्ञ ‘गेल्या आठवड्यात काय काय खाल्लेत?’ असे रुग्णांना विचारत फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 60 कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. मृतांपैकी सव्वा लाख पाच वर्षांखालची मुले असतात.

एका पंगतीत जेवलेल्या शंभर जणांना त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या, तर शोधायला लांब जावे लागत नाही. खव्यात किंवा बासुंदीत स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे विष आधीच तयार होऊन बसलेले असते आणि ते एक ते सहा तासांत आपला गुण दाखवते. पातेल्याच्या तळाशी उरलेले अन्न हाती लागले, तर उत्तर तिथेच मिळते. अवघड असते ती पंगत नसलेली साथ. एका कारखान्याचा माल दहा राज्यांत जातो आणि प्रत्येक गावात एखाददुसरा माणूस आजारी पडतो. तिथल्या डॉक्टरला तो एकटादुकटा जुलाबाचा रुग्ण वाटतो. त्यात जिवाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळही लांबलचक असू शकतो. साल्मोनेला या जिवाणूला काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागतो, तर लिस्टेरियाला कधी कधी दोन महिनेही लागतात. दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी काय खाल्ले, हे कोणाला सांगता येईल?

1993 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत, मुख्यतः वॉशिंग्टन राज्यात, ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृह-साखळीतील अर्धवट भाजलेले हॅम्बर्गर खाऊन 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले गेली. कारण ठरलेला जिवाणू होता ई. कोलाय ओ157:एच7. हा आतड्यात शिगा नावाचे विष सोडतो. त्यामुळे रक्ताचे जुलाब होतात आणि काहींची, विशेषतः लहान मुलांची, मूत्रपिंडे निकामी होतात. या साथीत रुग्णांमधला आणि मांसातला जिवाणू एकच आहे हे डीएनएच्या ठशांवरून दाखवता आले. हेच काम रोजच्या रोज आणि सगळ्या राज्यांत एकाच रीतीने व्हावे, म्हणून अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) राज्यांच्या प्रयोगशाळांना जोडून 1996 मध्ये ‘पल्सनेट’ हे जाळे उभारले. त्याची घडी बसवणाऱ्यांत सीडीसीतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाला स्वामिनाथन आघाडीवर होते.

पल्सनेटची मूळ रीत हाताच्या कौशल्याची होती. जिवाणू अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या छोट्या वडीत बसवायचे आणि त्यांची आवरणे तिथेच विरघळवायची, म्हणजे डीएनए न तुटता वडीत राहतो. मग तो ठरावीक जागीच कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) कापायचा. साल्मोनेला आणि ई. कोलायसाठी बहुधा एक्सबीए-1 हे विकर वापरत. या वड्या जेलच्या खाचांत बसवून, दिशा बदलत राहणाऱ्या विद्युतप्रवाहात रात्रभर ठेवल्या, की लहान तुकडे पुढे सरकतात आणि मोठे मागे राहतात. सकाळी अतिनील प्रकाशात जेल पाहिले की पट्ट्यांची रांग उजळून दिसते. प्रत्येक जेलमध्ये साल्मोनेला ब्रेन्डरप एच9812 हा एकच प्रमाण जिवाणू ठरलेल्या खाचांत धावत असे, त्यामुळे टेक्सासमधला ठसा मिनेसोटातल्या ठशाशेजारी ठेवून पाहता येई. या शिस्तीचे मोल नव्या तंत्राइतकेच आहे. रीत सारखी नसेल, तर दोन ठिकाणच्या पट्ट्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

ठसा हाती असूनही वाट सापडत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीत 2011 मध्ये घडले. मे महिन्यात हॅम्बुर्गमध्ये मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण दिसू लागले, आणि पुढे आजारी पडणाऱ्यांत मुलांपेक्षा प्रौढ स्त्रियाच अधिक निघाल्या. साथ ओसरेपर्यंत रुग्णांची संख्या सुमारे 3,800 वर गेली होती. त्यांतल्या आठशेहून अधिक जणांची मूत्रपिंडे बाधित झाली आणि पन्नासहून अधिक जण दगावले. हा जिवाणू ई. कोलायचाच ओ104:एच4 हा प्रकार होता. ओ157 ओळखण्यासाठी प्रयोगशाळा सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर बिनरंगी वसाहती शोधतात, पण हा जिवाणू सॉर्बिटॉल आंबवतो, त्यामुळे तो साध्या निरुपद्रवी ई. कोलायसारखा रंगीत दिसे. म्युन्स्टर विद्यापीठातील हेल्गे कार्ख यांच्या प्रयोगशाळेने काही दिवसांतच त्याचा प्रकार ओळखला. 2 जूनला हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी आणि चीनमधल्या बीजीआय संस्थेने त्याचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा क्रम, सर्वांसाठी खुला केला. आतड्याला चिकटून बसणाऱ्या ई. कोलायच्या एका जातीने शिगा विषाचे जनुक विषाणूमार्फत मिळवले होते, हे त्यातून उलगडले. पण तो आला कुठून, हे जनुकसंच सांगू शकत नव्हता.

दरम्यान रुग्णांनी टोमॅटो, काकडी आणि सॅलडच्या पानांची नावे घेतली होती. हॅम्बुर्गमध्ये स्पेनच्या काकडीवर ई. कोलाय सापडल्याचे जाहीर झाले. तो निराळाच निघाला, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल शेतातच सडू लागला होता. युरोपीय संघाला भाजी उत्पादकांसाठी 20 कोटी युरोंहून अधिक भरपाई मंजूर करावी लागली.

वाट सापडली ती स्वयंपाकघरात. ल्युबेकमधल्या एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या गटांना तपासनीसांनी ‘कोणती भाजी खाल्ली?’ असे न विचारता ‘कोणता पदार्थ मागवला?’ असे विचारले. लोकांनी बिले काढली, जेवताना काढलेले फोटो दाखवले. मग आचाऱ्याला विचारले, की या पदार्थात काय काय पडते आणि किती. ताटावर सजावटीला भुरभुरलेले चिमूटभर मोड कोणाच्या लक्षात राहिले नव्हते, आचाऱ्याच्या मात्र होते. मोड वाढलेल्या ताटांवर जेवलेल्यांत आजारी पडण्याचे प्रमाण इतरांच्या 14 पट निघाले आणि आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड होते. मालाच्या पावत्या तपासता 41 ठिकाणचे रुग्णगट लोअर सॅक्सनीतल्या बीनेनब्युटेल येथील एकाच मोड पिकवणाऱ्या शेतापाशी येऊन थांबले. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ याच जिवाणूने काही जण आजारी पडले. तिथे जर्मनीचे मोड नव्हते. दोन्हीकडे समान होती ती इजिप्तहून 2009 मध्ये आलेली मेथी, 15 टनांचा एकच साठा. मेथीच्या दाण्यांवर मात्र जिवाणू सापडला नाही, निष्कर्ष पावत्यांवर आणि ताटांवरच उभा राहिला.

मटकी किंवा मेथी भिजवून फडक्यात बांधून उबेला ठेवतात, तीच ऊब आणि तोच ओलावा जिवाणूलाही मानवतो. दाण्यावरच्या चिरेत लपलेले थोडेसे जिवाणू दोन-तीन दिवसांत लाखोंनी वाढू शकतात आणि वरून धुऊन ते जात नाहीत. आपल्याकडे मटकीची उसळ शिजते, म्हणून निभावते. कच्चे मोड खाताना, विशेषतः गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अलीकडे पट्ट्यांची जागा संपूर्ण जनुकसंच वाचण्याने घेतली आहे. अमेरिकेत 2013 पासून लिस्टेरियासाठी ही पद्धत नेमाने वापरली जाऊ लागली आणि 2019 मध्ये पल्सनेट पूर्णपणे तिच्यावर आले. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये लिस्टेरियाची हजारावर रुग्णांची आणि दोनशेहून अधिक मृत्यूंची साथ आली, ही आजवर नोंदलेली सर्वांत मोठी. जनुकसंचांवरून बहुतेक रुग्णांत एसटी6 हा एकच प्रकार आहे हे कळले होते, पण पदार्थ कळत नव्हता. जानेवारी 2018 मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली नऊ मुले आजारी पडली. तिथल्या फ्रीजमध्ये पोलोनी हे तयार मांस सापडले, त्यावरून पोलोक्वानेचा कारखाना सापडला आणि तिथला जिवाणू एसटी6 निघाला.

भारतात 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांतून साथींच्या खबरा गोळा करतो. महाराष्ट्रात संशयित अन्नाचे नमुने अन्न व औषध प्रशासन घेते. वसतिगृहातली किंवा लग्नातली विषबाधा यातून नोंदली जाते. विखुरलेली साथ दिसायची, तर गावोगावचे जिवाणू वाढवून जपणाऱ्या प्रयोगशाळा आणि त्यांचे ठसे एकत्र पाहणारी जागा लागते. ही गरज आपल्याकडे तातडीची आहे. पहिला अडथळा तर खाटेपाशीच असतो. प्रतिजैविकाची गोळी आधी दिली जाते आणि शौचाचा नमुना नंतर घेतला जातो, तोवर वाढवण्यासारखा जिवाणू त्यात उरलेला नसतो. उरलेले अन्नही घाबरून फेकून दिले जाते. ते झाकून फ्रीजमध्ये ठेवायला हवे.