ग्रीक नाट्यगृहांचा कालनिर्णय

प्राचीन ग्रीक नाट्यगृह कोणत्या काळात बांधले गेले, हे त्याच्या रचनेवरून ठरवण्याची पुरातत्त्वातील पद्धत. उतारावरच्या आसनरांगा, वृंद नाचत-गात असे ते खालचे मोकळे आवार म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि त्यामागची इमारत म्हणजे स्कीनी, या तिन्हींच्या आकारात शतकागणिक फरक पडत गेला.

अथेन्सभोवतीच्या ॲटिका प्रदेशातील थोरिकोस येथले आवार ओबडधोबड आयताकृती आहे. ते सर्वांत जुन्या अवशेषांपैकी मानले जाते. पूर्ण वर्तुळ आणि दगडी आसने इ.स.पू. चौथ्या शतकात रुळली. हेलेनिस्टिक काळात, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या शतकांत, स्कीनीपुढे अर्धस्तंभांची रांग व तिच्यावर उंच मंच आला. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने येथे तो आजही बराचसा उभा आहे. अर्धवर्तुळाकार आवार, कमानींवर उचललेल्या आसनरांगा आणि त्यांना थेट जोडलेली मंचाची भव्य भिंत ही रोमन काळाची खूण.

हा क्रम उपयोगी असला तरी एकाच वास्तूत अनेक शतके एकमेकांवर चढलेली असतात. अथेन्सच्या डायोनिसस नाट्यगृहातील दगडी आसने अथेन्सचा राजकारणी लायकर्गस याच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली. आवाराभोवतीचा संगमरवरी कठडा मात्र रोमन. तिथल्या वक्र भिंतीच्या एका तुकड्यावरून जर्मन पुरातत्त्वज्ञ विल्हेल्म ड्योर्पफेल्ड यांनी मूळ आवार वर्तुळाकार असल्याचे अनुमान काढले. ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले, पण पुढच्या अभ्यासकांना इतका छोटा पुरावा पुरेसा वाटला नाही, आणि त्यांची शंका रास्तच आहे.

ग्रीसमधील एपिडॉरसच्या नाट्यगृहाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉझेनियसने इ.स. दुसऱ्या शतकात हे नाट्यगृह पॉलिक्लिटसचे असल्याचे लिहिले. हे नाव इ.स.पू. पाचव्या शतकातल्या विख्यात शिल्पकाराचे. वास्तूची घडण मात्र इतकी जुनी नाही, म्हणून त्याच नावाचा नंतरचा वास्तुकार मानावा लागतो. आसनरांगांमधून जाणाऱ्या आडव्या वाटेखाली ३४ आणि वर २१ रांगा आहेत. वरच्या रांगा इ.स.पू. दुसऱ्या शतकात वाढवल्या, असे फॉन गेर्कान आणि म्युलर-वीनर या अभ्यासकांनी १९६१ मध्ये मांडले.

म्हणूनच इमारतीच्या पायाखालची खापरे, दगड जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची घडण आणि शिलालेख यांची साक्ष रचनेइतकीच मोलाची. सिसिलीतील सिराक्यूजच्या नाट्यगृहात आसनांमागच्या खडकावर तिथला राजा हिएरोन दुसरा, राणी फिलिस्टिस आणि सून नेरेइस यांची नावे कोरली आहेत. नेरेइस त्या घराण्यात आल्यानंतरची आणि हिएरोनच्या मृत्यूपूर्वीची, म्हणजे साधारण इ.स.पू. २१५ पूर्वीची ही अक्षरे आहेत.